माझे नऊ पिचर

"आई, महिनाभर माझे पिचर सांभाळशील का गं?" मुलानं विचारलं तेव्हा मी ओट्याशी उभी राहून डिंकाचे लाडू वळत होते. मला वाटलं, काचेचे जग असतील. अमेरिकेत लोक कशाकशाचा संग्रह करतात, यानंही केला असेल. म्हटलं, "सांभाळीन की. कुठं ठेवलेत?" आतल्या खोलीत सून हसायला लागली. टाके दुखत होते म्हणून पोट धरून हसली.

ही २०२३ सालची गोष्ट. ऑगस्टच्या मध्याला नातू झाला. मी त्याच्या पंधरा दिवस आधी न्यू जर्सीला पोचले होते. हे बेळगावातच राहिले, कारण दुकान कुणाच्या जिवावर टाकणार? सून इंदूरची. तिच्या आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन त्याच उन्हाळ्यात झालेलं, म्हणून बाळंतपण माझ्या वाट्याला आलं. मुलाच्या ऑफिसात कसलंसं मोठं काम सप्टेंबरअखेर संपवायचं होतं. दिवसभर ऑफिस, रात्री बाळ, मधल्या वेळात डायपरच्या पिशव्या. पोराच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं. आणि एवढ्या सगळ्यात त्याचा जीव आणखी एका ठिकाणी अडकला होता, तो म्हणजे त्याची फँटसी बेसबॉलची टीम.

हा प्रकार काय असतो ते मला समजायला दोन दिवस लागले. तुम्हाला दोन परिच्छेदांत सांगते. दहा मित्र मिळून दहा खोट्या टीमा करतात. मार्च महिन्यात बसून खरे खेळाडू आपापसांत वाटून घेतात. एक खेळाडू एकाच्याच टीममध्ये. मग ते खेळाडू खऱ्या मैदानावर, आपापल्या खऱ्या टीमसाठी, जे काही करतील ते इकडं आपल्या खात्यावर जमा होतं. खरी टीम हरो की जिंको, आपल्याला घेणं नाही. मुलाच्या लीगमध्ये दहा हिशेब होते, पाच बॅटिंगचे आणि पाच पिचिंगचे. प्रत्येक हिशेबात पहिल्या टीमला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, असं करत शेवटच्याला एक. बरोबरी झाली तर गुण अर्धे अर्धे. एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत हे चालतं. खऱ्या टीमांचे सामने प्रत्येकी १६२. आपल्या आयपीएलचं कौतुक करणाऱ्यांनी जरा हा आकडा ऐकावा.

हा खेळ डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखकानं १९८० मध्ये काढला. न्यूयॉर्कमधल्या ज्या हॉटेलात ही मंडळी जेवायला जमायची, त्याच्या नावावरून या पद्धतीला रोटिसरी म्हणतात. रोटिसरी म्हणजे सळईवर मांस फिरवत भाजायचं. हे मुलानं सांगितल्यावर मी हातातला लाडू खाली ठेवला. "असल्या नावाचा खेळ मी खेळू?" तर म्हणाला, "आई, नावात काय आहे? आम्ही नुसतं रोटो म्हणतो." असू दे. पण माझा खरा प्रश्न दुसरा होता. लहानपणी पाठशाळेत सप्तव्यसनं घोकून घेतलेली, आणि त्यांत पहिलं द्यूत. मी सरळ विचारलं, "यात पैसे आहेत का?" म्हणाला, "नाही गं. शेवटचा नंबर येईल त्यानं पहिल्याची गाडी वर्षभर धुवायची, एवढंच." गाडी धुणं चालेल, म्हटलं. तरी ह्यांना फोनवर सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "नातवाचं करायला गेलीस का सट्टा शिकायला?"

बॅटिंगवाले तसे गुणी. ते रोज खेळतात, एकदा नाव लावून ठेवलं की बघावं लागत नाही. त्रास पिचरांचा. पिचर म्हणजे आपला गोलंदाजच, पण सुरुवातीचा पिचर पाच दिवसांतून एकदाच खेळतो. मधले दिवस त्याचा हात विश्रांती घेतो. त्यामुळे आज कुणाला लावायचं, कुणाला बाकावर बसवायचं, हे रोज बघायचं. सामना सुरू झाला की कुलूप, मग बदल नाही. मुलाकडं नऊ पिचर होते, सहा सुरुवातीचे आणि तीन शेवटचे. नावं माझ्या जिभेला वळेनात, म्हणून मी माझीच नावं ठेवली. एक लांबूडका, एक डावखुरा, एक जावई (दर वेळी रुसल्यासारखा चेहरा), एक म्हातारा. म्हातारा म्हणजे ३८ वर्षांचा, माझ्यापेक्षा कितीतरी धाकटा. आणि एक २२ वर्षांचा पोरगा, नुकताच मे महिन्यात मोठ्या मैदानावर आलेला. त्याच्या ओठावर धड मिसरूडही नव्हतं. तो कोवळा.

आता माझी वही. मी मराठी घेऊन बी.ए. झाले, पण तीस वर्षं दुकानाच्या रोजमेळावर रात्री नजर टाकलेली आहे. आकड्याला भीत नाही. पहिलं कोडं सुटलं ते इनिंगचं. सगळ्या सीझनमध्ये आमच्या पिचरांनी मिळून १४०० इनिंगच टाकायच्या, अशी मर्यादा. १ सप्टेंबरला ११९० संपल्या होत्या. उरल्या २१०, दिवस ३१. रोजच्या सातसुद्धा होत नाहीत. म्हणजे महिन्याचं तेल वीस तारखेला तळाला गेलेलं, आणि घरात सण. हे गणित कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. गंमत म्हणजे त्यांचा दशांशही खरा दशांश नाही. एका इनिंगमध्ये तीन बाद, म्हणून ६.२ म्हणजे सहा इनिंग आणि दोन बाद. पॉइंट तीन झाले की पूर्ण एक. पहिल्या दिवशी माझी बेरीज चुकली ती यानंच. मला वाटलं मुलगा चुकलाय. तोंडानं बोलले नाही, एवढं बरं केलं.

दुसरी गोष्ट सरासरीची. नऊ इनिंगमागं पिचर किती रन देतो, त्याला इआरए म्हणतात. क्षेत्ररक्षकाच्या चुकीनं गेलेले रन यात धरत नाहीत, हे मला न्यायाचं वाटलं. जितका कमी तितका चांगला. आमचा होता ३.६२. मी वहीत दोन हिशेब मांडून बघितले. समजा उद्या एखाद्यानं उत्तम केलं, सात इनिंगमध्ये एकच रन दिला, तर ३.६२ चे ३.६१ होतात. आणि समजा एखाद्यानं घाण केली, दोन इनिंगमध्ये सात रन दिले, तर ३.६७. चांगल्या दिवसाचा फायदा एक पैसा, वाईट दिवसाचा तोटा पाच पैसे. मुलाला दाखवलं. तो वहीकडं बघतच राहिला. म्हणाला, "हे मला माहीत आहे गं, पण असं लिहून कधी बघितलं नव्हतं." सीझनच्या शेवटी शहाणी माणसं आपले पिचर का बसवून ठेवतात ते मला त्या दिवशी कळलं. पाच महिने साठवलेल्या दुधात कोण लिंबाचा थेंब पडू देईल?

पण नुसतं बसवूनही चालत नाही. कारण बाकीचे हिशेब मोजणीचे असतात. किती जणांना स्ट्राइकआउट केलं, किती सामने जिंकले. बसलेल्या माणसाच्या खात्यावर त्यातलं काही पडत नाही. एकीकडं हात आखडायचा, दुसरीकडं सोडायचा. माझा वेळ यातच जायचा.

शेवटच्या पिचरांविषयी मात्र मला अजून राग आहे. त्यांना क्लोजर म्हणतात. आठ इनिंग दुसऱ्यांनी घाम गाळलेला. तीन किंवा त्याहून कमी रनांची आघाडी राहिली की हे शेवटच्या इनिंगला येणार, तीन जणांना बाद करणार, आणि सेव्ह नावाचा गुण घेऊन जाणार. आमच्या एक वन्सं आहेत. सगळा स्वयंपाक झाल्यावर येतात, भाजीवर कोथिंबीर घालतात, आणि पानं वाढताना "कशी झालीय भाजी?" असं सगळ्यांना त्याच विचारतात. मी आमच्या तिन्ही क्लोजरांना त्यांचंच नाव दिलं. कोणत्या वन्सं ते सांगत नाही, हे पुस्तक त्या वाचणार आहेत.

वहीच्या पहिल्या पानावर मी नियम लिहिला होता, 'डेन्व्हरला कुणालाही पाठवायचं नाही.' ते शहर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच. हवा विरळ, त्यामुळं मारलेला चेंडू लांब जातो आणि टाकलेला चेंडू हवा तसा वळत नाही. लांबूडक्याची तिथं पाळी आली तेव्हा मी त्याला मुकाट बाकावर बसवलं. त्यानं तिथं पाच रन दिले. ते रन आमच्या खात्यावर नाहीत, हे बघून मला जो आनंद झाला तो काही सज्जनाचा आनंद नव्हता.

आणखी एक रीत होती, ती मला पटली नाही. कुणाच्याच टीममध्ये नसलेला एखादा पिचर, दुबळ्या टीमविरुद्ध खेळतोय म्हणून, एक दिवस घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सोडून द्यायचा. मुलाचे मित्र सर्रास करत. मला ते हमालाला अर्ध्या दिवसाच्या रोजावर बोलावल्यासारखं वाटे. मुलगा म्हणायचा, "आई, त्याला माहीतसुद्धा नाही आपण त्याला घेतलंय." ते खरंच होतं. पण मी तसं केलं नाही. त्यानं आमचे दोन-चार स्ट्राइकआउट नक्की गेले असतील.

माझा दिवस लवकर संपायचा. जेवण सूर्यास्ताच्या आत, मग आवराआवर. बाळाची रात्रीची पाळी मी मागून घेतली होती, दहा ते दोन. निदान तेवढा वेळ ती दोघं झोपतील. कॅलिफोर्निया आणि सिॲटलचे संध्याकाळचे सामने तिकडच्या घड्याळात सातला सुरू होतात, म्हणजे आमच्याकडं दहाला. त्यामुळं नातू खांद्यावर, आवाज बंद केलेली टॅब्लेट समोर सोफ्यावर, आणि मी घरभर येरझाऱ्या घालत बेसबॉल बघतेय, असं आमचं तिघांचं चालायचं. तिसरा म्हणजे टेकाडावर उभा असलेला पिचर. त्या वर्षीपासून घड्याळाचा नवा नियम आला होता. बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे. आधी म्हणे पिचर वाटेल तेवढा वेळ घेत. मला तो नियम आवडत नसे. माणसानं श्वास तरी कधी घ्यायचा?

कोवळ्याची टीम पश्चिम किनाऱ्याची, म्हणून त्याचे सामने मला सगळ्यांत जास्त बघायला मिळाले. ऑगस्टमध्ये तो नुसता वारा होता. ताशी ९७ मैलांनी चेंडू टाकायचा, वेग पडद्यावर कोपऱ्यात दिसतो. बाद झालेला माणूस परत जाताना वळून बघायचा, तेव्हा हा टोपी खाली ओढून लाजायचा. सप्टेंबर लागला आणि मला त्याच्यात काहीतरी वेगळं दिसायला लागलं. दोन चेंडूंच्या मध्ये तो उजवा हात खाली सोडून बोटं झटकायचा. आधी करत नव्हता. वेग ९५ झाला, मग ९४. २२ तारखेच्या सामन्यात तर चौथ्या इनिंगला ९३. त्यानं दोनदा आपल्या लोकांकडं बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. मी ती नजर ओळखते. 'मला जमत नाही' असं म्हणायचं असतं, आणि कुणी विचारू नये असंही वाटत असतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मुलगा बाळाला घेऊन बसला होता, मी त्याला हे सांगितलं. त्यावर आम्ही दोघं तासभर बोललो. त्या सबंध मुक्कामात आमचं एवढं सलग बोलणं तेव्हाच झालं, आणि तेही बेसबॉलवर. तो सांगत होता की तरुण पिचरचा हात एकदम जास्त राबवला तर कोपराच्या आतल्या बाजूचा बंध तुटतो. १९७४ मध्ये फ्रँक जोब नावाच्या डॉक्टरांनी टॉमी जॉन या पिचरच्या मनगटाजवळची शीर काढून त्याच्या कोपरात बसवली. त्याआधी असा बंध तुटला म्हणजे खेळ संपला. टॉमी जॉन १९७६ मध्ये परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. ऑपरेशनला आता त्याचंच नाव आहे. मग त्यानं स्टीफन स्ट्रासबर्गचं सांगितलं. वॉशिंग्टनचा पिचर, हे ऑपरेशन २०१० मध्ये झालेलं. २०१२ मध्ये टीम पहिल्या नंबरावर होती, पण व्यवस्थापनानं आधीच ठरवलं होतं की याच्याकडून या वर्षी साधारण १६० इनिंगच टाकून घ्यायच्या. १५९ आणि एक तृतीयांश झाल्यावर सप्टेंबरात त्याला खरोखरच बसवलं. त्याला खेळायचं होतं. लोकांनी शिव्या घातल्या. त्याच्याशिवाय टीम पुढच्या फेरीत हरली.

"मग बरोबर केलं की चूक?" मी विचारलं.

"लोक अजून भांडतात आई. २०१९ मध्ये त्याच टीमनं वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि तोच त्यातला सर्वोत्तम खेळाडू. म्हणजे हात वाचवला म्हणून बरं झालं म्हणावं, तर त्यानंतरच्या तीन वर्षांत मिळून आठच सामने खेळू शकला. शरीरानं साथच दिली नाही."

मी म्हटलं, "त्याला विचारलं होतं का कुणी?" मुलगा म्हणाला, "कुणाला?" मी म्हटलं, "काही नाही."

शेवटचा आठवडा आला. आम्ही दुसऱ्या नंबरावर. पहिला नंबर मुलाच्या जुन्या रूममेटचा, त्याचे ७४ गुण, आमचे साडेबाहत्तर. नऊ वर्षांत मुलाचा नंबर कधी चौथ्याच्या वर गेला नव्हता. शेवटच्या आठवड्यात सगळंच बिघडतं. ज्या टीमांचं पुढच्या फेरीचं पक्कं झालंय त्या आपल्या चांगल्या पिचरला तीन-चार इनिंगमध्ये काढून घेतात, पुढं लागणार म्हणून. सुरुवातीच्या पिचरनं पाच इनिंग टाकल्याशिवाय त्याच्या नावावर विजय पडत नाही. डावखुरा आणि जावई असे वाया गेले. २८ तारखेला, गुरुवारी, १४०० तल्या अकरा इनिंग उरल्या होत्या.

स्ट्राइकआउटमध्ये आम्ही त्या रूममेटच्या चारनं मागं होतो. त्याहून जास्त मिळाले तर आम्हाला एक गुण वाढणार, त्याचा एक कमी होणार, आणि आम्ही अर्ध्या गुणानं पहिले. दुसऱ्या बाजूला आमचा इआरए ३.६१, मागच्याचा ३.६३. कुणी तीन इनिंगमध्ये सहा रन दिले तर आमचा ३.६४, म्हणजे एक गुण गेला. कोवळ्याचा सामना त्याच रात्री दहाला. म्हाताऱ्याचा शनिवारी. दोघांपैकी एकालाच पुरतील एवढ्या इनिंग, उरलेल्या वन्संना.

मुलगा चार दिवस ऑफिसच्या कामाला टेक्सासला गेला होता. दुपारी त्याचा मेसेज आला, 'कोवळ्याला लाव असं माझं मत. पण पिचर तुझे, तू ठरव.'

त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, माझा उपवास. रात्री साडेनऊपासून मी टॅब्लेट घेऊन बसले. हिशेब दोन्हीकडून मांडला. हिशेबानं उत्तर देईनाच, दोन्ही बाजू सारख्याच. खरं सांगते, मी शेवटी हिशेबानं ठरवलं नाही. मला त्याचा झटकलेला हात दिसत होता. दहाला पाच मिनिटं कमी असताना मी कोवळ्याला उचलून बाकावर ठेवलं.

आणि मग सामना सुरू झाला, आणि तो टेकाडावर आला.

येणारच होता. मी त्याला बसवलं ते आमच्या खोट्या टीममध्ये. त्याच्या खऱ्या टीमनं त्याला खेळायला पाठवलंच होतं. हे मला इतके दिवस माहीत नव्हतं का? होतं. लांबूडक्याच्या वेळी याच गोष्टीवर मी खूश झाले होते. पण त्या रात्री नातवाला थोपटत पडद्यासमोर उभी असताना ते मला नव्यानं समजलं. मी त्याचा हात वाचवलाच नव्हता. मी फक्त त्याचा हात बघायच्या जबाबदारीतून सुटले होते. तो बोटं झटकत होता, आणि टाकत होता. पहिल्या इनिंगला दोघे बाद, दुसरीला आणखी एक. वेग ९४ च, पण चेंडू असा वळत होता की मोठमोठे फलंदाज हवेत बॅट फिरवत होते. सहा इनिंग, एक रन, आठ स्ट्राइकआउट. शेवटच्या माणसाला बाद केल्यावर त्यानं टोपी खाली ओढली. मला आनंद झाला, आणि दुसऱ्या क्षणाला रडू आलं. बाळ जागं होईल म्हणून तोंडावर पदर धरला.

म्हाताऱ्यानं शनिवारी इमानानं काम केलं, पण त्याचे स्ट्राइकआउट तीनच. १ ऑक्टोबरला सीझन संपला. आम्ही तीन स्ट्राइकआउटनं मागं. कोवळा लावला असता तर दोननं पुढं असतो. दुसरा नंबर.

मुलगा रविवारी रात्री परत आला. बॅग दारात ठेवली, हात धुतले, बाळाला घेतलं. चिडला नव्हता. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाला, "दुसरा नंबरही कधी आला नव्हता गं. पण एक विचारू? का बसवलंस? तुझ्याच वहीत दोन्ही सारखे होते."

मी त्याला वाढत होते. म्हटलं, "तुझी केमिस्ट्री आठवली."

हे सांगायला हवं. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, आमच्याकडं बारावीला असं म्हणतात, परीक्षेच्या आठवडाभर आधी याला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. डॉक्टर म्हणाले, विश्रांती. हे म्हणाले, एक वर्ष गेलं तर गेलं. मी ऐकलं नाही. दोन वर्षं मी त्याला पहाटे चारला उठवलं होतं, माझ्या डोळ्यांपुढं फक्त इंजिनिअरिंग. ग्लुकोजची बाटली देऊन, रिक्षात माझ्या मांडीवर त्याचं डोकं, अशी त्याला नेली. केमिस्ट्रीच्या पेपराला तो वर्गातच भोवळ येऊन पडला. पाणी मारून उठवलं, आणि त्यानं पेपर पुरा केला. मार्क उत्तम पडले. आमच्या गल्लीत सगळ्यांनी माझं कौतुक केलं, काय जिद्दीची आई. मीही ते कौतुक ठेवून घेतलं. अठरा वर्षांत त्यावर आम्ही दोघं एक शब्द बोललो नव्हतो.

तो बराच वेळ जेवत राहिला. मग म्हणाला, "मला बसायचंच होतं त्या पेपराला. तू नको म्हणाली असतीस तरी मी गेलो असतो."

माझ्या मनावरचं ओझं उतरायला हवं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "पण तू विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

"मला वाटायचं, विचारशील."

बाळ रडायला लागलं. तो उठून आत गेला. मी ताटं उचलली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला नेहमीसारखा चहा आणून दिला. त्यावर पुढं आमचं काही बोलणं झालं नाही, आणि गरजही वाटली नाही.

नोव्हेंबरात मी बेळगावला परत आले. वही बरोबर आणली. ह्यांनी ती दुकानाची समजून एकदा उघडली आणि 'डेन्व्हरला कुणालाही पाठवायचं नाही' वाचून तशीच मिटली.

मार्चमध्ये एका सकाळी मुलाचा फोन. मागून नातवाचे हुंकार, त्याला आता बसता येत होतं. "आई, शनिवारी ड्राफ्ट आहे. बॅटिंग माझी, पिचर तुझे. कोण कोण घ्यायचे सांग."

मी आधी कोवळ्याची चौकशी केली. हिवाळाभर त्यानं हाताला विश्रांती दिली होती, आणि सराव सामन्यांत वेग परत ९७ वर आला होता.

"घे मग त्याला," मी म्हटलं. "म्हाताराही घे, कुणी घेणार नाही त्याला. आणि वन्सं दोनच पुरेत."

"आणि सप्टेंबरमध्ये?"

"सप्टेंबरमध्ये फोन कर. विचारून ठरवू."